लेणी वाचणारा डॉक्टर : भाऊ दाजी लाड

मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढावा लागतो. आपल्यासाठी तो रोजचा घाट. पण ही चढण म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचाच एक भाग आहे. याच रांगेत पश्चिमेकडे अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी आहेत आणि त्याहून पुढे, चाळीसगावजवळ, पाटणादेवीचे रान आहे. सुमारे १६० वर्षांपूर्वी मुंबईतला एक नामांकित डॉक्टर या रांगेतल्या दगडांवरची झिजलेली अक्षरे वाचण्याच्या मागे लागला होता. दवाखान्यात रुग्णांची रीघ, आणि डोक्यात वाकाटक राजांची वंशावळ. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

मुंबईत राणीच्या बागेशेजारी जे जुने वस्तुसंग्रहालय आहे, त्याला आज त्यांचे नाव आहे. त्यामुळे नाव अनेकांना माहीत असते. माणूस मात्र फारसा माहीत नसतो. वैद्यक, इतिहास, संस्कृत साहित्य, ज्योतिर्गणित, तत्त्वज्ञ आचार्यांचा काळ अशा कितीतरी विषयांत त्यांनी काम केले. एका माणसाने इतके विषय हाताळले की, आपण सहज म्हणतो, मोठी आवड होती बुवा. भाऊंच्या बाबतीत ही नुसती आवड नव्हती. या सगळ्या विषयांमागे एकच सवय होती : ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, आणि तपासलेले चारचौघांत मांडायचे. या सवयीने त्यांना मोठे केले. आणि आयुष्यात एकाच ठिकाणी ती सवय सुटली, तेव्हा नुकसान त्यांचे झाले आणि रुग्णांचेही.

बुद्धिबळाच्या पटावरून शाळेत

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचे हे कुटुंब. घरची परिस्थिती साधी. पोटापाण्यासाठी वडील मुंबईत आले आणि मुलगाही त्यांच्याबरोबर आला. लहानपणी भाऊ बुद्धिबळ फार चांगले खेळत. त्यांची चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली की या मुलाला इंग्रजी शिक्षण द्या. वडिलांनी ऐकले. भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले.

विद्यार्थिदशेच्या अखेरीस त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. विषय होता कच्छ आणि काठेवाडातली बालकन्याहत्या. मुलगी जन्मली की तिला मारून टाकायची, अशी चाल तिथल्या काही घराण्यांत होती. तरुण भाऊंनी त्यावर लिहिले. समाजाच्या दुखण्याकडेही कारणे शोधत पाहायचे, ही वृत्ती तेव्हापासूनची.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ तिथे दाखल झाले. प्रेताला हात लावायचा, शवविच्छेदन करायचे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. पण ते टिकले आणि १८५० मध्ये बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांवर मोफत उपचार केले. डॉक्टर म्हणून भाऊंचे नाव लवकरच मुंबईभर झाले.

दिवसा नाडी, रात्री पोथी

चांगला चाललेला दवाखाना असला की बहुतेकांना दुसरे काही सुचत नाही. भाऊंचे तसे नव्हते. शिक्षक असतानाच त्यांना जुनी नाणी आणि लेख यांची गोडी लागली होती. ती वाढतच गेली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ते निबंध वाचू लागले आणि सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून येऊ लागले.

त्या काळची अडचण समजून घेतली पाहिजे. कालिदास कधी झाला, आर्यभट कधी झाला, कोणता राजा कोणाच्या आधी, याची उत्तरे दंतकथांत होती. विक्रमादित्याच्या दरबारात नऊ रत्ने होती, एवढे सांगितले की इतिहास संपायचा. दुसऱ्या बाजूला काही युरोपीय पंडित होते. हिंदुस्थानातले ज्ञान फार जुने नसावे, असे त्यांच्यातल्या काहींचे मत होते. एक बाजू अभिमानाने बोलत होती, दुसरी अविश्वासाने. पुरावा दोघांकडेही कमी होता.

भाऊंनी डॉक्टरच्या पद्धतीने काम सुरू केले. रुग्ण काय म्हणतो ते ऐकून घ्यायचे, पण निदान तपासणीनंतर करायचे. ग्रंथाचा काळ ठरवायचा तर पोथ्या मिळवायच्या, एका पोथीचा पाठ दुसरीशी ताडायचा, ग्रंथकाराने स्वतःबद्दल काय लिहिले आहे ते पाहायचे, मग शिलालेख आणि नाणी काय सांगतात ते लावून पाहायचे.

या पद्धतीचे सर्वांत चांगले फळ आर्यभटाच्या बाबतीत मिळाले. आर्यभटीय हा ग्रंथ तेव्हा अभ्यासकांच्या हाती नीटसा नव्हता. आर्यभटाच्या नावावर दुसऱ्याच ग्रंथांची गल्लत होत होती. भाऊंनी अस्सल ग्रंथाच्या पोथ्या मिळवल्या. आपल्या वयाची २३ वर्षे झाली तेव्हा कलियुगाची ३६०० वर्षे उलटली होती, असा हिशेब आर्यभटाने त्यात दिला आहे. त्यावरून त्याचे जन्मवर्ष इसवी सन ४७६ येते. आज शाळेच्या पुस्तकात हे वर्ष छापलेले असते. ते पक्के करणाऱ्यांत भाऊ दाजी होते. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य या पाचांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला.

भास्कराचार्यांचा धागा तर आपल्याच डोंगररांगेत सापडला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ स्थापन केला, असे तो लेख सांगतो. हा लेख भाऊंनी अभ्यासकांसमोर आणला. लीलावती लिहिणाऱ्या गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्याची जागा खानदेशच्या रानात होती, हे त्यामुळे जगाला कळले.

साहित्यात त्यांनी कालिदासावर लिहिले आणि बाणभट्टाच्या हर्षचरिताच्या पूर्ण पोथ्या मिळवून त्याचा परिचय करून दिला. तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात माधवाचार्य आणि सायणाचार्य या विजयनगरच्या काळातल्या आचार्यांवर टिपण लिहिले. जैन ग्रंथांतल्या आचार्यपरंपरा तपासून त्यातून राजांच्या कालगणनेला आधार शोधला.

एवढे सगळे एकट्याने होण्यासारखे नव्हते. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी हे तरुण अभ्यासक १८६० नंतर त्यांच्याकडे आले. ठिकठिकाणी जाऊन लेखांच्या नकला करून आणण्याचे काम ते करत. खर्च भाऊ सोसत. दवाखान्यात मिळवलेला पैसा असा लेण्यांच्या आणि पोथ्यांच्या मागे जात होता. भगवानलाल पुढे स्वतः मोठे पुरातत्त्वज्ञ म्हणून ओळखले गेले.

अजिंठ्याची ओळ आणि वाशीमचा ताम्रपट

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे कोरवले आणि भिक्षूंना दिले, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी वाकाटक राजांची नावे ओळीने दिली आहेत. सुरुवात विंध्यशक्तीपासून. आपल्या विदर्भावर राज्य केलेल्या घराण्याची ही जणू कुळकथा. पण पावसापाण्याने कित्येक अक्षरे उडाली आहेत.

भाऊंनी १८६० नंतरच्या काही वर्षांत अजिंठ्याच्या लेखांचा अभ्यास करून त्यांचे वाचन आणि भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात चुका होत्या का? होत्या. त्यांच्यानंतर जॉर्ज ब्यूलर या पंडिताने लेख पुन्हा तपासला आणि बराच सुधारला. त्याच्याही वाचनात त्रुटी राहिल्या. या वंशातल्या सर्वसेन या राजाचे नाव अक्षरे झिजल्यामुळे चुकीचे लागले होते. १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट प्रकाशात आला. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, आपला शेजारचा जिल्हा. त्यात सर्वसेनाचे नाव स्पष्ट होते. मग नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याची ओळ नव्याने वाचली आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास जुळून आला.

कालिदासाचेही तसेच. काश्मीरच्या राजतरंगिणीत मातृगुप्त नावाचा कवी येतो. तोच कालिदास, असे भाऊंचे मत होते. पुढच्या अभ्यासकांनी ते मानले नाही. आज बहुतेक जण कालिदासाला गुप्तांच्या काळात ठेवतात.

म्हणजे भाऊंच्या कित्येक गोष्टी चुकल्या. तरीही त्यांचे काम वाया गेले नाही, कारण त्यांनी आपला आधार, आपले वाचन आणि आपला तर्क छापून सगळ्यांसमोर ठेवला होता. कोणत्या अक्षरावर काय अर्थ लावला, हे दिसत होते. म्हणून चूक कुठे आहे तेही दाखवता आले. ज्ञान पुढे जाते ते याच वाटेने.

महारोग आणि कडू कवठाचे तेल

आता त्यांच्या वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. ते काम होते कुष्ठरोगाचे. लोक त्याला महारोग म्हणत. या रोगावर तेव्हा उपाय नव्हता. रोग वंशपरंपरेने येतो, पापाचे फळ म्हणून येतो, असे नाना समज होते. रुग्णाला घर आणि गाव दोन्ही तोडत. इंग्रजी शिकलेले डॉक्टरही हात टेकत.

भाऊंनी इथे आपल्या दोन्ही विद्या एकत्र आणल्या. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत सांगितलेली औषधे खरोखर गुण देतात का, हे ते रुग्णांवर तपासून पाहत होते. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाची माहिती आहे. ते पश्चिम समुद्राच्या काठच्या भागात वाढते आणि त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर वापरावे, असे तिथे सांगितले आहे. जुन्या ग्रंथांत कुष्ठ या शब्दात त्वचेचे अनेक रोग येतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आढळणारे कडू कवठ. आपण ज्याची चटणी करतो ते हे कवठ नव्हे. नाव सारखे, पण झाड अगदी वेगळे.

भाऊंच्या उपचारांनी कुष्ठरुग्णांना बरे वाटू लागले, अशी वार्ता पसरली. दुरून रुग्ण येऊ लागले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. मग डॉक्टरमंडळींनी विचारायला सुरुवात केली की औषध कोणते, मात्रा किती, किती रुग्ण बरे झाले, किती झाले नाहीत. भाऊंनी औषधाचे नाव सांगितले नाही. पुरेसा अनुभव गाठीला आल्याशिवाय जाहीर करायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यात प्रामाणिकपणा असेलही. अर्धवट माहितीवर कोणी भलतेच उपचार करू लागला तर रुग्णाचे हाल होतील, ही भीती खोटी नव्हती. पण टीका झाली आणि ती रास्त होती. गुप्त औषध ही वैदूंची रीत. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरने ती धरावी का, असा तो आक्षेप होता.

आणि वेळ तर कोणासाठी थांबत नाही. ३१ मे १८७४ रोजी भाऊंचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आसपास. उपचारांची पूर्ण कृती आणि रुग्णांचा हिशेब त्यांच्या हातून छापून झाला नाही. त्यांच्या पश्चात औषधींवरच्या ग्रंथांत कडू कवठाच्या तेलाशी त्यांचे नाव जोडले गेले, एवढेच. अजिंठ्याच्या लेखातली चूक मिराशींना दुरुस्त करता आली. या उपचारात काय बरोबर आणि काय चूक होते, हे तपासायला कोणाच्या हाती काहीच राहिले नाही.

पुढे काय झाले

भाऊंच्या निधनाच्या वर्षभर आधी, १८७३ मध्ये, नॉर्वेतल्या बर्गन इथे गेरहार्ड आर्मौअर हान्सन या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू दिसला. रोग पापाचा नाही आणि आनुवंशिकही नाही, जंतूमुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. कडू कवठाच्या जातीच्या झाडांचे तेल जगभर वापरले जाऊ लागले. ते पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या होत, टोचले तर गाठी येत. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ महिलेने त्या तेलापासून सहज टोचता येईल असे औषध तयार केले. तीही २४ व्या वर्षी, आपले काम छापून होण्याआधीच वारली आणि तिचे श्रेय बराच काळ दुसऱ्याकडे राहिले. तिच्या बाबतीत निदान पद्धत मागे उरली होती. तिच्यावरून पुढे औषध बनत राहिले.

१९४० नंतर सल्फोन गटाची औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमीन ही त्यातली औषधे. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले आणि वरोऱ्याला बाबा आमटेंनी आनंदवन. त्या काळी रुग्णांना आधाराची केवढी गरज होती, हे विदर्भाने जवळून पाहिले आहे. आज वेळेवर औषध घेणाऱ्याला घर सोडायची वेळ येण्याचे काही कारण नाही.

तरीही रोग संपलेला नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. पण जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि त्या जागी स्पर्श, टोचणे किंवा गरम-थंड कळत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, बोटांची पकड सैल होत असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवावे. पांढरे कोड वेगळे. त्यात संवेदना शाबूत असते आणि ते संसर्गजन्य नाही. चट्टा दुखत नाही म्हणून लोक तो अंगावर काढतात आणि तेवढ्यात नसांचे कायमचे नुकसान होते.

आणि एक गोष्ट. बाजाराच्या दिवशी चट्ट्यावरचे गुप्त औषध विकणारे आजही भेटतात. बाटलीत काय आहे ते सांगत नाहीत, किती जणांना गुण आला नाही तेही सांगत नाहीत. भाऊ दाजींसारख्या विद्वान आणि सज्जन माणसाचेही गुप्त औषध रुग्णांच्या पिढीला उपयोगी पडले नाही. मग त्या बाटलीवर भरवसा कशासाठी ठेवायचा?

भाऊंच्या बाकीच्या आयुष्यात उघडपणाच होता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते आणि सरकारपुढे लोकांची गाऱ्हाणी मांडत होते. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात बड्या धर्मगुरूविरुद्ध साक्ष द्यायला ते उभे राहिले. मुलींच्या शिक्षणाची बाजू त्यांनी घेतली आणि पुढे मुलींच्या एका शाळेला त्यांचे नाव दिले गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते, १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. राणीच्या बागेतले संग्रहालय उभे करणाऱ्यांतही ते होते. ते १८७२ मध्ये खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले.

मुलाने एकच विषय धरावा, बाकीचे सोडावे, असे आज घरोघरी सांगितले जाते. भाऊ दाजींनी इतिहास वाचला म्हणून त्यांचे वैद्यक कमी पडले नाही. संस्कृत येत होते म्हणून जुनी औषधे तपासता आली. रोगी तपासायची सवय होती म्हणून पोथीही तशीच तपासली. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर सोळाव्या लेण्यातला तो झिजलेला लेख जरूर पाहा. विदर्भाच्या राजांची ती नावे आज आपल्याला वाचता येतात, त्यात एका डॉक्टरचा वाटा आहे.